ज्वालामुखीखालचा मॅग्मा गुरुत्वाने कसा जोखायचा: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

ज्वालामुखी फुगतोय, हे कळायला आज डोंगर चढावा लागत नाही. उपग्रहाच्या दोन रडार प्रतिमा शेजारी ठेवल्या की जमीन किती सेंटिमीटर वर आली ते दिसतं. उतारावर बसवलेले जीपीएस तेच आणखी बारकाईने सांगतात. अडतं ते पुढच्या प्रश्नावर. जमीन वर आली ती खालून नवा शिलारस (मॅग्मा) आला म्हणून, की खडकात मुरलेलं पाणी तापून दाब वाढला म्हणून? दोन्ही वेळा फुगवटा सारखाच दिसू शकतो, पण खालच्या वस्तुमानात फार मोठा फरक असतो. मॅग्मा आला तर हजारो कोटी किलो नवा ऐवज आलेला असतो. नुसता दाब वाढला असेल तर जवळपास काहीच आलेलं नसतं. हा फरक पकडायचा तर गुरुत्व मोजावं लागतं.

पदवीच्या पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर हा लेख पुरे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. या कामात मोजणी सोपी आणि वजाबाकी अवघड. उपकरण आकडा देतं, पण त्या आकड्यातला बहुतेक भाग मॅग्माचा नसतो.

आधी आकड्यांची सवय करा

पृथ्वीच्या पृष्ठभागावर गुरुत्वत्वरण सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. या क्षेत्रातले लोक मात्र 'गॅल'मध्ये बोलतात. गॅलिलिओच्या नावावरून आलेलं हे एकक आहे आणि १ गॅल म्हणजे १ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. त्याचा हजारावा भाग मिलिगॅल, दहा लाखावा भाग मायक्रोगॅल. म्हणजे पृथ्वीचं एकूण गुरुत्व झालं सुमारे ९८ कोटी मायक्रोगॅल, आणि ज्वालामुखीत आपण शोधतो ते बदल बहुधा दहापासून काहीशे मायक्रोगॅलपर्यंतचे.

तीन आकडे पाठ करून टाका, रोज लागतील. उपकरण १ सेंटिमीटर वर उचललं की गुरुत्व साधारण ३ मायक्रोगॅलने घटतं (नेमकं सांगायचं तर मीटरला ३०८.६). पायाखाली १ मीटर जाडीचा पाण्याचा सपाट थर वाढला की ते ४२ मायक्रोगॅलने वाढतं. आणि सूर्य-चंद्राच्या ओढीने ते एकाच दिवसात दोन-तीनशे मायक्रोगॅलपर्यंत खालीवर होऊ शकतं. या तिन्हींत मॅग्मा कुठेच नाही.

उपकरण निवडताना

ग्रॅव्हिमीटर दोन जातींचे. सापेक्ष उपकरण फक्त दोन जागांमधला फरक सांगतं. आत स्प्रिंगला टांगलेलं छोटं वजन असतं आणि गुरुत्व बदललं की स्प्रिंगचा ताण बदलतो. लाकोस्ट-रॉम्बर्गची धातूच्या स्प्रिंगची उपकरणं अनेक दशकं ज्वालामुखींवर फिरली. आता सिंट्रेक्सची सीजी-५ आणि सीजी-६ ही क्वार्ट्झच्या स्प्रिंगची उपकरणं जास्त दिसतात. पाठीवर किंवा हातात नेता येतात, काही मिनिटांत वाचन देतात. नवशिक्याच्या हाती बहुतेक यातलंच एखादं पडतं.

निरपेक्ष उपकरण गुरुत्वाची प्रत्यक्ष किंमत देतं. एफजी-५ मध्ये निर्वात नळीत एक आरसा पुन्हा पुन्हा खाली पडू देतात आणि लेझरने त्याचं पडणं मोजतात. अचूकता सुमारे २ मायक्रोगॅल, पण त्याला स्थिर खोली हवी. ए-१० हा त्याचा मैदानी भाऊ, अचूकता साधारण १० मायक्रोगॅल. याशिवाय एकाच जागी बसून वर्षानुवर्षं मोजणारी अतिसंवाहक उपकरणं आहेत. त्यांच्यात द्रव हेलियमच्या तापमानाला नायोबियमचा गोळा चुंबकीय क्षेत्रात तरंगत ठेवलेला असतो. २०२० मध्ये इटलीतल्या एटनावर सुमारे २८०० मीटर उंचीवर क्वांटम ग्रॅव्हिमीटर बसवला गेला. त्यात आरशाऐवजी थंड केलेल्या रुबिडियम अणूंचा ढग पडतो.

माझं मत विचाराल तर सुरुवात साध्या स्प्रिंगच्या उपकरणानेच करा. त्याचे दोष उघड दिसतात आणि ते कसे काढायचे हे शिकणं म्हणजेच ही विद्या शिकणं.

उपकरण ताब्यात आलं की आधी त्याचं अंशांकन (कॅलिब्रेशन) तपासा. हा कंटाळवाणा भाग लोक टाळतात आणि पुढे अडकतात. पायथ्यापासून माथ्यापर्यंत हजारभर मीटर चढलात तर दोन बिंदूंमधला फरक सहज २०० मिलिगॅल होतो. अंशांकनाच्या गुणकात दहा हजारात एक एवढी चूक असली तरी त्यातून २० मायक्रोगॅलचा खोटा संकेत तयार होतो. दोन मोहिमांना दोन वेगळी उपकरणं वापरली तर हाच खोटा संकेत मॅग्मासारखा दिसेल, कारण तो माथ्याकडे वाढत जातो.

बिंदूंचं जाळं

कुठे मोजायचं हे खोलीवर ठरतं. मॅग्माचा साठा गोलासारखा आणि ३ किलोमीटर खोल असेल तर त्याच्या डोक्यावर गुरुत्वातला बदल सर्वाधिक असतो. तो निम्मा होतो खोलीच्या सुमारे ०.७७ पट अंतरावर, म्हणजे इथे २.३ किलोमीटरवर. त्यामुळे सगळे बिंदू विवराच्या काठावर गोळा करून चालत नाही. अंतरागणिक बदल कसा उतरत जातो, त्या उतरंडीचा आकार दिसला नाही तर खोली सांगता येणार नाही आणि खोलीशिवाय वस्तुमान निघणार नाही. काही बिंदू माथ्याजवळ, काही मधल्या उतारावर, काही दूर, अशी मांडणी करा.

प्रत्येक बिंदू पक्क्या खडकात ठोकलेल्या धातूच्या खुंटीवर किंवा जुन्या काँक्रीटच्या ओट्यावर घ्या. सैल राखेवर नको. कडेकपारीला टेकून नको. ओढ्याच्या किंवा तळ्याच्या काठावर तर नकोच. शक्य असेल तिथे त्याच खुंटीवर जीपीएस बसेल अशी सोय ठेवा, कारण उंची दुसरीकडे आणि गुरुत्व तिसरीकडे मोजलं तर नंतर दोन्ही जुळवताना नाकी नऊ येतात.

एक बिंदू आधारबिंदू म्हणून राखून ठेवायचा. बाकीचे सगळे फरक त्याच्याशी जोडले जातात, म्हणून तो फुगणाऱ्या भागाच्या बराच बाहेर हवा. तोच हलला तर सगळं जाळं एकत्र हललेलं दिसेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. परवडत असेल तर दर मोहिमेत आधारबिंदूवर निरपेक्ष मोजणी करून घ्या.

डोंगरावरचा दिवस

निघण्याआधी स्थानिक ज्वालामुखी वेधशाळेची परवानगी आणि त्या दिवशीचा इशारा-स्तर विचारा. हेल्मेट, गॅसचा मुखवटा, वायुमापक, बिनतारी संच आणि सोबत किमान एक माणूस. खोलगट जागी कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो वासाने कळत नाही. यावर घासाघीस नाही.

उपकरणाचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावा आणि वहीतही तीच वेळ लिहा. भरती-ओहोटीची दुरुस्ती वेळेवरून काढली जाते. वेळेचा पट्टा चुकला तर दहा-दहा मायक्रोगॅलच्या चुका शिरतात, आणि त्या लाटेसारख्या असल्याने पटकन लक्षात येत नाहीत.

मोजणी नेहमी फेरीने करायची. आधारबिंदू, पहिला, दुसरा, तिसरा, मग पुन्हा दुसरा, पहिला आणि शेवटी आधारबिंदू. कारण स्प्रिंग हळूहळू ताणली जाते आणि वाचन आपोआप सरकत राहतं. क्वार्ट्झच्या उपकरणात कच्चं वाचन दिवसाला काहीशे मायक्रोगॅलही सरकू शकतं. हे सरकणं सरळ रेषेत असेल तर काढून टाकणं सोपं, पण ते सरळ आहे की नाही हे त्याच बिंदूवर परत आल्याशिवाय कळत नाही.

बिंदूवर पोचल्यावर घाई करू नका. गाडीत किंवा पाठीवर हिंदकळलेलं उपकरण स्थिरावायला पाच-दहा मिनिटं घेतं. दरवेळी तेच तोंड त्याच दिशेला करून तिपाई ठेवा, पाणसळ जुळवा, खुंटीपासून उपकरणाची उंची मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. १ सेंटिमीटर म्हणजे ३ मायक्रोगॅल हे विसरायचं नाही. वारा असेल तर आडोसा करा. मग एकेक मिनिटाची पाच-सहा वाचनं घ्या. ती एकाच बाजूला सरकत असतील तर अजून थांबा. जमिनीत ज्वालामुखीचा कंप चालू असेल तर वाचनं विखुरतात. अशा वेळी वाचनांची संख्या वाढवा आणि कंपाची नोंद करा.

उपकरणाला दणका बसला की वाचनात अचानक उडी येते आणि ती परत जात नाही. दणका बसल्याचं कळलं तर तिथूनच मागच्या बिंदूवर परत जा. संध्याकाळी संगणकापुढे बसून उडी नेमकी कुठे आली ते शोधण्यापेक्षा अर्ध्या तासाची चाल स्वस्त पडते.

वजाबाक्या

संध्याकाळी वहीतल्या वाचनांमधून आधी भरती-ओहोटी वजा करा. उपकरणं स्वतःच ही दुरुस्ती करून देतात, पण त्यात तुमच्या जागेचे अक्षांश-रेखांश बरोबर भरलेत का ते पाहा. ज्वालामुखी समुद्रकाठी असेल तर समुद्राच्या पाण्याच्या भाराचा परिणामही धरावा लागतो. हवेच्या दाबाचा परिणाम छोटा, दर हेक्टोपास्कलला सुमारे ०.३ मायक्रोगॅल, तरी वादळी दिवसांत तो जाणवतो. मग फेऱ्यांवरून सरकणं काढा आणि सगळ्या फरकांचं एकत्रित समायोजन करा. यासाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचं जीएसअॅडजस्ट किंवा पायग्रॅव्ह ही मोफत साधनं आहेत.

एवढं झालं की एका मोहिमेचे आकडे तयार. दुसरी मोहीम वर्षभराने, त्याच ऋतूत करा. दोन्हींतला फरक म्हणजे कच्चा बदल. पण त्यातून अजून दोन गोष्टी काढायच्या राहिल्या आहेत, आणि निकाल फिरवतात त्या याच.

पहिली उंची. जमीन वर आली तर बिंदू पृथ्वीच्या केंद्रापासून दूर गेला, म्हणून गुरुत्व घटतं. नवा मॅग्मा आला असूनही कच्चा बदल उणे दिसू शकतो, आणि नवखा माणूस इथेच 'वस्तुमान कमी झालं' असं लिहून मोकळा होतो. प्रत्येक बिंदूची उंची किती बदलली ते जीपीएस, रडार किंवा तलेक्षणावरून (लेव्हलिंगवरून) घ्या आणि मीटरला ३०८.६ मायक्रोगॅल या दराने भर घाला.

दुसरी गोष्ट भूजल, आणि मला विचाराल तर सर्वांत दुष्ट. २० टक्के सच्छिद्र खडकात पाण्याची पातळी १ मीटर वाढली तर गुरुत्व सुमारे ८ मायक्रोगॅलने वाढतं. पातळी ५ मीटर वाढली तर ४० च्या वर. एवढा संकेत अनेक ज्वालामुखींवर मॅग्माच्या नावाने जाहीर करता येईल. म्हणून आसपासच्या विहिरींच्या नोंदी मिळवा, पावसाची आकडेवारी ठेवा, बर्फ पडत असेल तर त्याची जाडी आणि घनता मोजा. मोहिमा एकाच ऋतूत करण्याचं कारणही हेच. विहीर नसलेल्या डोंगरावर काम करत असाल तर पाण्याची शक्यता निकालाच्या अधिक-उणे आकड्यात धरा आणि तसं लिहा. ती शून्य धरू नका.

कॅलिफोर्नियातल्या लाँग व्हॅलीचं उदाहरण या दोन्ही वजाबाक्या शिकवतं. १९८२ आणि १९९८ च्या मोजण्यांची तुलना केली तेव्हा फुगणाऱ्या घुमटावर गुरुत्व १०७ मायक्रोगॅलपर्यंत घटलेलं निघालं. उंचीचा आणि भूजलाचा परिणाम काढल्यावर चित्र उलटलं आणि ६४ पर्यंतची वाढ उरली, अधिक-उणे १५. त्यावरून आत शिरलेल्या ऐवजाची घनता घनमीटरला २७०० ते ४१०० किलो निघाली. पाणी किंवा वाफ एवढी जड नसते, म्हणून नुसत्या तापलेल्या पाण्याचं स्पष्टीकरण बाद झालं आणि मॅग्मा उरला.

उरलेल्या आकड्यातून वस्तुमान

आता एक काल्पनिक गणित करू. माथ्यावर जमीन ३० सेंटिमीटर वर आली. कच्चा बदल उणे ४३ मायक्रोगॅल. उंचीची भर ९३, म्हणून उरले अधिक ५०. भूजलाची दुरुस्ती आधीच झाली आहे असं धरा. बिंदूंच्या उतरंडीवरून साठ्याची खोली ३ किलोमीटर आली.

साठा बिंदूसारखा मानला तर वस्तुमान म्हणजे गुरुत्वातला बदल गुणिले खोलीचा वर्ग, भागिले गुरुत्वस्थिरांक. ५० मायक्रोगॅल म्हणजे मीटर प्रति सेकंद वर्गात ५ गुणिले १० चा उणे सातवा घात. खोलीचा वर्ग ९० लाख चौरस मीटर. गुणाकार ४.५. त्याला ६.६७४ गुणिले १० चा उणे अकरावा घात याने भागा. उत्तर सुमारे ६,७०० कोटी किलो, म्हणजे ६.७ कोटी टन. घनमीटरला २,६०० किलो घनतेचा बेसाल्ट मॅग्मा धरला तर २.६ कोटी घनमीटर.

चुका कुठे फुगतात ते बघा. गुरुत्वात १० मायक्रोगॅलची चूक असेल तर वस्तुमानात २० टक्क्यांची. पण खोली ३ ऐवजी साडेतीन किलोमीटर निघाली तर वस्तुमान थेट ३६ टक्क्यांनी वाढतं. म्हणून मी वर दूरच्या बिंदूंचा एवढा आग्रह धरला.

इथवर येऊन थांबू नका. फुगवट्यावरूनही साठ्याचं आकारमान किती वाढलं ते काढता येतं. जपानचे कियो मोगी यांनी १९५८ मध्ये ज्वालामुखींना लावलेलं साधं प्रारूप घ्या. माथ्यावरची वाढ गुणिले पाय (π) गुणिले खोलीचा वर्ग, भागिले ०.७५. आपल्या आकड्यांनी उत्तर येतं १.१३ कोटी घनमीटर. आता वस्तुमानाला या आकारमानाने भागा. घनता आली घनमीटरला जवळजवळ ६,००० किलो.

असा मॅग्मा नसतो. गणित मात्र बरोबर आहे. याचा अर्थ एवढाच, की जितकं वस्तुमान आलं तितकी जमीन फुगलेली नाही. आधीच्या मॅग्मातले वायूचे बुडबुडे दाबले जाऊन नव्याला जागा झाली असेल, किंवा खडकातल्या भेगा-पोकळ्या भरल्या असतील. साठा गोल नसून उभा लांबट असेल. किंवा पाण्याची दुरुस्ती चुकली असेल. चारही शक्यता कागदावर मांडा आणि प्रत्येकीला छेद देणारी मोजणी शोधा. उलट बाजूने घनता हजाराच्याही खाली आली तर वायू, वाफ किंवा फेसाळ मॅग्मा यांच्याकडे पाहा.

भेगा भरण्याची शक्यता ओढूनताणून आणलेली वाटेल, पण हवाईतल्या किलाउएआवर नेमकं तेच घडल्याचा निष्कर्ष आहे. तिथे नोव्हेंबर १९७५ मध्ये मोठा भूकंप झाला. तेव्हापासून जानेवारी २००८ पर्यंतच्या मोजण्यांत हालेमाउमाउ विवराच्या पूर्व काठाखाली वस्तुमान वाढत गेलेलं दिसलं, जमीन मात्र त्या मानाने टिकून वर आली नाही. भूकंपाच्या वेळी मॅग्मा निघून गेल्यावर राहिलेल्या भेगांच्या जाळ्यात नवा मॅग्मा साचत गेला, असा अर्थ संशोधकांनी लावला. त्याच २००८ मध्ये, गुरुत्वाच्या त्या शिखरापासून काहीशे मीटरवर नवं मुख उघडलं. नुसत्या जीपीएसवर नजर ठेवणाऱ्याला या साठ्याचा पत्ता लागला नसता.

उरलेला आकडा उणे आला तरी तो फेकून देऊ नका. जपानच्या मियाकेजिमावर जुलै २००० मध्ये माथा खचण्याच्या दोन दिवस आधी घेतलेल्या मोजणीत गुरुत्व १९९८ च्या तुलनेत १४५ मायक्रोगॅलपर्यंत घटलेलं होतं. खाली पोकळी तयार होत होती.

एकाच जागी बसून

वर्षातून एकदाच्या मोहिमेत तासाभरात घडणारं काही दिसत नाही. त्यासाठी उपकरण डोंगरावरच कायम बसवतात. ऑक्टोबर २००२ मध्ये एटनाच्या ईशान्य बाजूला उद्रेक सुरू होताना एका स्थिर केंद्रावर गुरुत्व तासाभराच्या आत सुमारे ४०० मायक्रोगॅलने घसरलं आणि नंतर चढलं. आधी कोरडी भेग उघडली आणि मागोमाग मॅग्माने ती भरली, असं त्याचं स्पष्टीकरण. किलाउएआवर मार्च २०११ मध्ये लाव्हाच्या तळ्याची पातळी झपाट्याने खाली गेली. पातळी किती उतरली हे कॅमेऱ्यांनी दाखवलं आणि गुरुत्व किती बदललं हे उपकरणाने. दोन्ही मिळून लाव्हाची घनता निघाली घनमीटरला सुमारे ९५०, अधिक-उणे ३०० किलो. म्हणजे जवळपास पाण्याइतकीच, कारण तळ्याचा वरचा भाग वायूने भरलेला होता.

ही मोजणी मात्र नवशिक्याची नाही. स्प्रिंगचं उपकरण तापमानाला आणि कलण्याला इतकं प्रतिसाद देतं, की रोजची लाट बहुधा हवामानाची असते. हौसेने असं केंद्र उभारण्यापेक्षा आधी दोन-तीन मोहिमा करा.

उपकरण अजून हाती नसेल तर सराव आजपासून करता येतो. वरचं गणित तक्त्यात मांडा, खोली १ ते ८ किलोमीटर बदलत न्या आणि ५० मायक्रोगॅलमागे किती वस्तुमान लागतं ते पाहा. मग पाण्याची पातळी २ मीटरने वरखाली करून तेच पुन्हा करा. पायथन येत असेल तर फतियांडो प्रकल्पातलं हार्मोनिका हे साधन उतरवून घ्या. त्यात गोलाऐवजी चौकोनी ठोकळ्यांचे साठे रचून पाहता येतात, आणि एकाच उतरंडीला किती वेगवेगळे आकार लागू पडतात ते दिसतं.